छोट्या दांड्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा गिअरबॉक्स मिस्त्री, राहणार वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्यांत, आज सोमवारी सकाळी हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. दाखला म्हणून डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. त्यात हृदयाबद्दल बरेच वाईट लिहिले असले तरी डोक्याबद्दल काही तक्रार नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, दडपण नाही, आणि मी कसल्याही नशेत नाही. येत्या गुरुवारी सकाळी माझी छाती उघडणार आहेत. मी जन्मभर लोकांच्या गाड्या उघडल्या. उघडल्यावर आत काय काय निघते आणि बंद केल्यावर एखादा बोल्ट हातात कसा उरतो, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून ही लिखापढी.

याआधीची माझी मृत्युपत्रे, म्हणजे एक वकिलांनी टाइप केलेले आणि दोन कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेली, ही सगळी रद्द समजावीत. त्या तिन्हींत एक माणूस मी मुद्दाम गाळला होता. या कागदात तो येणार आहे, पण मला जरा वेळ द्या.

अक्षर मधेच बदललेले दिसले तर कोणी शंका घेऊ नये. मला एका जागी बसवत नाही. थोडे टेबलावर लिहितो, थोडे शेडमध्ये लोखंड पकडायच्या व्हाइसच्या बाकावर, थोडे गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्याने. पत्नी आतून दोनदा म्हणाली, "खुर्चीला काटे आलेत का?" तिला मी विम्याचा फॉर्म भरतोय असे सांगितले आहे.

कलम १. राहत्या दोन खोल्या, वर्कशॉपची शेड आणि पुढचे उताराचे अंगण हे सर्व माझ्या पत्नीच्या मालकीचे होईल. त्यावर मुलीने किंवा आणखी कोणी हक्क सांगू नये. मधल्या उंबरठ्यावर मी लाकडी उतार ठोकला आहे आणि न्हाणीघरात धरायला आडवा पाइप बसवला आहे, ते दोन्ही काढू नये. पाइप म्हणजे एका जुन्या ट्रकचा स्टेअरिंग शाफ्ट आहे. भिंत पडेल पण तो हलणार नाही. पत्नी एकवीस वर्षे डावा पाय ओढत, काठी घेऊन चालते.

कलम २. बँकेत जे काही आहे ते पत्नीचे, आणि तिच्यानंतर मुलीचे. मुलगी पोस्टात आहे, आकडा तिला माझ्यापेक्षा नेमका माहीत आहे. तिला माझा स्वभाव मिळालेला आहेच, त्यामुळे वेगळे काही द्यावे असे वाटत नाही. गेली दहा वर्षे ती दर रविवारी येते आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणते, "बाबा, ती गाडी एकदाची काढून टाका हो." ती गाडी पुढच्या कलमात.

कलम ३. अंगणात चार लोखंडी घोड्यांवर उभी असलेली जुनी फोर व्हील ड्राइव्ह पिकअप. रंग पूर्वी हिरवा.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी लिहितो. इंजिनाच्या मागे गिअरबॉक्स असतो. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. आलेली ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणे हे तिचे काम. त्यामुळे केबिनमध्ये दांडे दोन असतात. मोठा गिअरचा, छोटा ट्रान्सफरचा. वकीलसाहेबांनी छोटा दांडा तेवढा लक्षात ठेवावा, बाकीचे विसरले तरी चालेल.

एकवीस वर्षांत या एका गाडीत मी पाच गिअरबॉक्स आणि सहा ट्रान्सफर केस घातले आणि काढले. बाजारात मला तोंडावर मिस्त्री म्हणतात आणि पाठीमागे खोलखाल. मला ते ऐकू येते. आणि खोटे तरी काय आहे त्यात?

पहिल्या खेपेला चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बॉक्स घातला. तो वीतभर लांब, त्यामुळे ट्रान्सफर मागे सरकला. चाकांकडे ताकद नेणारा मागचा शाफ्ट आखूड करायचा आणि पुढचा लांब करायचा. मी माप घेतले ते गाडी घोड्यांवर असताना, चाके लोंबकळत असताना. गाडी जमिनीवर उतरवली, वजन स्प्रिंगांवर आले, आणि शाफ्ट जाऊन ट्रान्सफरच्या तोंडावर आदळला. पहिल्याच खड्ड्यात मागचे बेअरिंग फुटले. तेव्हा मला या धंद्यात तीस वर्षे झाली होती. दुसऱ्या खेपेला जो ट्रान्सफर आणला त्याचे पुढचे तोंड उजवीकडे, आणि माझ्या गाडीच्या पुढच्या डिफरन्शियलचे, म्हणजे पुढच्या दोन चाकांमधल्या पेटीचे, डावीकडे. शाफ्ट गाडीखालून तिरका नेता येईल का, हे मी पाठीवर पडून दोन दिवस बघत होतो. नाही नेता येत. दुकानात उभ्याने बघितले असते तरी कळले असते.

तिसऱ्या खेपेचा बॉक्स दुसऱ्याच कंपनीचा होता, इंजिनाच्या बोल्टांशी त्याची भोके जुळेनात. मधे बसवायला लेथवाल्याने लोखंडी प्लेट करून दिली. प्लेट इतकी देखणी की भिंतीवर लावावी. पण तिची जाडी मी मापात धरलीच नव्हती, त्यामुळे गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट इंजिनातल्या बेअरिंगपर्यंत पोहोचेना. बोटभर कमी पडला. मी लेथवाल्यावर डाफरलो तर तो शांतपणे बिडी विझवून म्हणाला, "तुम्ही प्लेट सांगितलीत, मी प्लेट केली. पोहोचतंय का नाही ते तुमचं तुम्ही बघायचं." त्याचे बरोबर होते. मी त्याच्याशी सहा महिने बोललो नाही.

बाहेरच्या गिऱ्हाइकांची हीच कामे माझ्या हातून पहिल्या फटक्यात होत. सकाळी गाडी यायची, संध्याकाळी जायची. पत्नी म्हणायची, "लोकांची एका दिवसात होते, आपली वीस वर्षं होत नाही. तुम्ही हिच्यात शोधताय तरी काय?" मी म्हणायचो, आवाज येतो. आवाज येत नव्हता.

सध्या पाचवा गिअरबॉक्स शेडमध्ये फळीवर पडला आहे, सहावा ट्रान्सफर बाकावर आहे, आणि गाडीच्या पोटात भगदाड आहे. डॉक्टरांनी भरलेली किटलीसुद्धा उचलू नका म्हणून बजावले आहे. ट्रान्सफर केस उचलायला दोन धडधाकट माणसे लागतात. गाडी कोणाला द्यायची ते मी उद्या लिहीन.

कलम ४. हत्यारे आणि हिशेबात राहिलेली माणसे. चेन पुली आणि मोठा व्हाइस लेथवाल्याला द्यावा. त्या सहा महिन्यांबद्दल मी कधी काही बोललो नाही, ते यात धरावे.

भंगारवाल्याला काहीही देऊ नये. चौथा ट्रान्सफर केस त्याने मला विकला. तोंड हाताने फिरवून दाखवले आणि म्हणाला, "बघा मिस्त्री, कुठे आवाज आहे का? लोण्यासारखा फिरतोय." आवाज नव्हता, कारण आत ग्रीसमध्ये लाकडाचा भुसा कालवून भरला होता. पहिल्या चढावर तो तापला आणि केबिनमध्ये सुताराच्या दुकानासारखा वास सुटला. मी परत गेलो तर म्हणतो, भुसा तुमच्याकडेच पडला असेल. माझ्यामागे तो घरी भेटायला आला तर त्याला खुर्ची द्यावी, चहा देऊ नये.

बेअरिंग ओढायचे तीन पुलर, गिअर उतरवायचा प्रेस आणि लांब दांड्याचा पेचकस ही हत्यारे वरील वाटपात नाहीत. ती माझी नव्हतीच. ती माझ्या धाकट्या भावाची आहेत.

कलम ५. माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. घरात त्याला बारक्या म्हणत, बाजारात त्याला कान म्हणत. चालू इंजिनाच्या गिअरबॉक्सवर तो लांब पेचकसाचे टोक ठेवायचा, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "मागचं बेअरिंग. आणि तिसऱ्याचा एक दात खाल्लाय." आम्ही बॉक्स उघडायचो, तर मागचे बेअरिंग आणि तिसऱ्या गिअरचा दात. मी तीन दिवस खोलखाल करून जे शोधायचो ते त्याला उभ्याउभ्या ऐकू यायचे. मला त्याचा अभिमान होता. हेवाही वाटायचा. दोन्ही खरे आहे, आणि मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात.

गेली वीस वर्षे तो बायपासच्या वजनकाट्यावर पावत्या फाडतो. ट्रक येतात, काट्यावर उभे राहतात, जातात. तो कशालाच हात लावत नाही. स्वतःची गाडी त्याने कधी घेतली नाही. आमचे बोलणे म्हणजे वर्षातून दोनदा फोनवर हवापाण्याचे. माझी पत्नी त्याच्याशी एक अक्षर बोलत नाही, कारण तिचा पाय त्याच्यामुळे गेला असे तिला माहीत आहे. तिला तसे माहीत आहे ते माझ्यामुळे.

आज एवढे पुरे. छातीत धडधड होते आहे आणि ती ऑपरेशनची नाही.

कलम ६. मंगळवार, दुपार. हे कलम लिहायला मी सकाळपासून नऊ वेळा बसलो. मधल्या वेळात शेड झाडली, नट आवळायचे पाने मापाप्रमाणे लावले, फाटकाच्या बिजागरीला तेल घातले. आता करायला काही उरले नाही.

एकवीस वर्षांपूर्वी वर्कशॉप आम्हा दोघा भावांचे होते. ही पिकअप नुकतीच घेतली होती आणि तिचा ट्रान्सफर मी आदल्या दिवशी बसवला होता. हँडब्रेकची तार तुटलेली, नवी यायची होती. सकाळी बारक्या गाडी फिरवून घेऊन आला आणि अंगणाच्या वरच्या टोकाला, जिथे जमीन जवळजवळ सपाट आहे, तिथे लावली. हँडब्रेक नाही, म्हणून पहिल्या गिअरमध्ये टाकून उतरला. मला ओरडून म्हणाला, "दादा, पहिल्यात आहे. छोटा दांडा जरा जड जातोय, बघून घे." आणि हात धुवायला गेला.

मी केबिनमध्ये चढलो आणि छोटा दांडा तीन-चार वेळा मागेपुढे केला. जड जात होता खरा. दांड्याच्या सांध्याचा एक नट सैल करायला हवा होता, त्याला सतरा नंबरचा पाना लागतो, म्हणून दांडा होता तिथे सोडून मी उतरलो आणि शेडमध्ये गेलो. काम अर्धे टाकून उठायची माझी जन्माची खोड. दांडा न्यूट्रलवर राहिला होता.

छोटा दांडा न्यूट्रलवर असला की गिअरबॉक्सचा चाकांशी संबंध तुटतो. मोठा दांडा पहिल्यात असो की कशातही असो, गाडी हातगाडीसारखी मोकळी होते. आमच्या दोघांइतके हे त्या बाजारात कोणालाच माहीत नव्हते.

पाना हातात घेतला आणि खिडकीतून बघतो तर गाडीचे टप हळूहळू सरकत चाललेले. इंजिन बंद, त्यामुळे आवाज नाही. खाली पत्नी आमच्याकडे पाठ करून फाटक लावत होती. मी ओरडलो, पण तिने वळून बघेपर्यंत उशीर झाला होता. बंपर आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये तिचा डावा पाय सापडला.

आम्ही दोघांनी गाडी वर ढकलली. बारक्याने तिला उचलले आणि रस्त्यावर धावला. एक टेम्पो थांबला, त्यात तो तिला घेऊन बसला. जाताना तो सारखा माझ्याकडे बघून म्हणत होता, "पहिल्यात टाकली होती रे दादा. पहिल्यात टाकली होती."

गाडीला खांदा लावून मी मागे राहिलो. पायाने ओढून चाकाखाली दगड सरकवला आणि दार उघडले. मोठा दांडा पहिल्यात होता. छोटा न्यूट्रलवर होता. मी छोटा दांडा ओढून जागेवर लावला. आणि मग मोठा दांडा पहिल्यातून काढून न्यूट्रलवर ठेवला.

छोटा घाबरून सरकवला असे म्हणता येईल. माणूस घाबरतो. पण मोठा दांडा मी घाबरून नाही काढला. तो काढताना माझे डोके आज आहे तसेच ठिकाणावर होते. मला ठाऊक होते की बारक्या परत आल्यावर सगळ्यात आधी तोच दांडा बघेल.

संध्याकाळी तो दवाखान्यातून परत आला. शर्टावर तिचे रक्त तसेच होते. सरळ गाडीकडे गेला, दार उघडले, आत बघितले. मग दार लावले आणि म्हणाला, "म्हणजे मीच."

मी काही बोललो नाही. एक शब्द पुरला असता.

त्यानंतर तो गाडी लावली की तीनदा परत जाऊन दांडा हलवून बघायचा, चारही चाकांखाली दगड लावायचा, तरी अर्ध्या तासाने पुन्हा बघून यायचा. पेचकसाला कान लावला तरी म्हणायचा, "नक्की सांगता येत नाही, दादा. तूच उघडून बघ." तिसऱ्या महिन्यात तो वर्कशॉप सोडून गेला. मी त्याला अडवले नाही. उलट मला हायसे वाटले, हेही लिहितो.

आणि मी या गाडीत काय शोधत होतो, तर असा ट्रान्सफर केस, ज्याला न्यूट्रलच नाही. असे असतात, पण या गाडीला बसत नाहीत. जे बसतात त्या सगळ्यांत न्यूट्रल आहे. मी सहा उघडून बघितले.

कलम ७. वरील पिकअप, सुटे भाग, शेडमधील माझी बाकीची सर्व हत्यारे आणि पत्नीच्या हयातीनंतर शेड वापरण्याचा हक्क माझ्या धाकट्या भावाला द्यावा. त्या दिवशी गाडी त्याने नीट लावली होती. हे पाकीट माझ्या मृत्यूनंतरच उघडावे.

कलम ८. बुधवार, दुपार. पाकीट मी काल संध्याकाळपासून तीन वेळा चिकटवले आणि तीन वेळा फोडले. चौथे पाकीट घरात नव्हते. मेल्यावर उघडावे असे लिहिले की माणूस सुटतो. पण गुरुवारी मी मेलो नाही तर? मग हा कागद आणखी दहा वर्षे कपाटात पडेल, तोवर बारक्या रोज वजनकाट्यावर जाईल, आणि मी सातवा ट्रान्सफर आणीन.

सकाळी पत्नी स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. मी कागद तिच्यापुढे ठेवले आणि सांगितले, विम्याचा फॉर्म नाही. तिने चष्मा लावून वाचायला घेतले. मी आत-बाहेर करत राहिलो. ती न बघता म्हणाली, "एका जागी उभे राहा." मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. तिने सहावे कलम दोनदा वाचले.

"छोटा म्हणजे कुठला?" तिने विचारले.

मी तिला शेडमध्ये नेले. बाकावरच्या ट्रान्सफरला छोटा दांडा अजून लावलेलाच होता. तिने काठी बाकाला टेकवली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ओढला. खटकन न्यूट्रलवर आला.

"एवढंच?"

"एवढंच."

तिने तो परत पुढे लोटला, परत ओढला. मग म्हणाली, "दवाखान्यात भावजी मला भेटायला आले होते. तीन दिवस रोज. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. चौथ्या दिवशी नर्सला सांगितलं, त्यांना आत सोडू नका." तिचा आवाज चढला नाही. "पाय तुमच्या हातून गेला, ते मी सांभाळून घेतलं असतं. चूक होते माणसाची. पण हे तुम्ही माझ्याकडून करवून घेतलंत."

तिने स्वतः फोन लावला. वजनकाट्याचा नंबर तिला पाठ होता, हे मला आज कळले. "भावजी, मी बोलतेय. कामावरनं सुट्टी घ्या आणि या. नाही, ते बरे आहेत. तुम्ही या."

तासाभरात तो आला. केस सगळे पांढरे. फाटकातून आत यायच्या आधी थांबला, कारण वर्कशॉप सोडल्यापासून तो त्या फाटकातून आत आलेला नाही. पत्नीने त्याला कागद दिले. त्याने ते गाडीच्या बॉनेटवर ठेवले आणि उभ्याने वाचले. मी शेजारी उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितले नाही. वाचून झाल्यावर पाने नीट लावली.

"म्हणजे पहिला पडला होता," तो म्हणाला.

"हो."

"नीट पडला होता."

"नीट पडला होता, बारक्या."

तो जमिनीवर बसला. पुढच्या चाकाला पाठ लावून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आपल्या उजव्या हाताकडे बघत. पत्नीने पाणी आणून दिले, ते त्याने प्यायले. मी माफी मागितली. तो म्हणाला, "आत्ता नको, दादा. आत्ता मला हे एवढंच राहू दे."

दुपारी ठरल्याप्रमाणे वकीलसाहेब सह्यांसाठी आले. साक्षीदार म्हणून लेथवाला आणि समोरचा पंक्चरवाला यांना बोलावले होते. वकिलांनी कागद चाळून सांगितले की ज्याला या मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. झालाच तर त्याला दिलेले रद्द होते. लेथवाल्याने लगेच विचारले, "म्हणजे माझी चेन पुली गेली?" गेली, असे वकील म्हणाले. "मग सहीला दुसरा बघा," म्हणून तो खुर्ची मागे घेऊन बसला. त्याचे काही चुकले नाही.

तेव्हा बारक्या उठला आणि वकिलांपाशी आला. "मी सही करतो. कलम सात खोडा."

वकील म्हणाले, "विचार करा. गाडी, हत्यारं, शेडचा हक्क, सगळं जाईल. साक्षीदार रस्त्यावरचा कोणीही मिळेल."

"पुलर माझेच आहेत, ते मी नेईन. बाकी खोडा. या कागदावर माझं अक्षर पाहिजे."

त्याप्रमाणे वरील कलम ७ मधील वाटप रद्द केले आहे. त्यातील "त्या दिवशी गाडी त्याने नीट लावली होती" हे वाक्य मात्र कायम ठेवावे, असे वकिलांना सांगितले. पिकअप आता पत्नीची. तिला विचारले, काय करणार, तर म्हणाली, "जोडून घेणार, आणखी काय. अशी पोट फाडून किती दिवस ठेवायची?" गुरुवारी दवाखान्यात माझ्याबरोबर मुलगी येणार आहे. पत्नी घरी थांबणार आहे. निघताना काही बोलशील का, असे मी तिला विचारले. "परत या," ती म्हणाली. "मग बोलते तुमच्याशी. पुष्कळ बोलायचंय." त्यामुळे परत येणे मला भाग आहे, आणि भीतीही त्याचीच जास्त वाटते आहे.

हे सर्व मी पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर इतक्या उशिरा का होईना आपण होऊन लिहिले. खाली सही करतो. सही उभ्याने केली आहे.

ठिकाण: वर्कशॉपचे अंगण, पिकअपच्या बॉनेटवर
दिनांक: बुधवार, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीन

मृत्युपत्र करणार: (सही) थोरला, गिअरबॉक्स मिस्त्री

साक्षीदार पहिला: (सही) समोरचा पंक्चरवाला. मिस्त्रींनी माझ्यासमोर सही केली. मजकूर मी वाचला नाही, मला सांगितला.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ, गिअरबॉक्स मिस्त्री. थोरल्याने माझ्यासमोर सही केली. मजकूर मी सगळा वाचला. गाडी पहिल्यात होती.